जिने चढणारी डॉक्टर

आमच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवला, तो वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. 'मदतीला डॉक्टर पाहिजे. जिने चढता आले पाहिजेत.' संपलं. पदवी कोणती, वेळ काय, काही नाही. मी म्हटलं, "अहो, डॉक्टर शोधताय की हमाल?" तर म्हणतात कसे, "डॉक्टरकी मला येते. गुडघे येत नाहीत. ते कोणी घेऊन आलं तर बघू."

आमचे डॉक्टर म्हणजे माझा नवरा. दवाखाना पुढच्या खोलीत, आमचा संसार मागच्या दोन खोल्यांत. मूलबाळ नाही, त्यामुळे भांडायला एकमेकंच. सकाळी ते दवाखान्यात रुग्ण बघतात आणि मी बाहेर टेबलापाशी बसून लोकांना रांगेत ठेवते. दुपारनंतर आम्ही घरोघरी जातो. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, त्यांना बघायला. गाडी मी चालवते, कारण ह्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा रस्त्यावरच्या माणसांच्या चालीकडे. 'तो बघ, डावा पाय ओढतोय' म्हणता म्हणता एकदा दिव्याच्या खांबाला भेटून आलो होतो आम्ही. त्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे.

आमच्या भागात इमारती जुन्या. चार-चार, पाच-पाच मजले आणि लिफ्टचं नाव नको. थंडी सुरू झाली तसे ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. आधी पाचवा मजला बंद झाला, मग चौथा, मग तिसरा. वरच्या मजल्यांवरची माणसं, ज्यांना ह्यांच्याशिवाय कोणी विचारत नव्हतं, ती तशीच वर अडकून पडली. ह्यांना ते लागत होतं. बोलत नव्हते, पण जेवण कमी झालं होतं. म्हणून तो कागद.

ती आली ती दवाखाना बंद करायच्या वेळेला. बारीक चणीची, खांद्याला अंगापेक्षा मोठी पिशवी, आणि चेहरा असा, की तुम्हीही नाहीच म्हणणार ना, म्हणून टाका एकदाचं. मला वाटलं औषध कंपनीची असेल. म्हटलं, "बाई, काय नमुने द्यायचेत ते ठेव आणि जा. डॉक्टर जेवायला बसलेत."

"काकू," ती म्हणाली, "मी जिन्यांसाठी आलेय."

मला हसू आलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पाणी पिता पिता पोरीने सगळं सांगून टाकलं. शिक्षण पूर्ण झालेलं, इंटर्नशिपही झालेली. पण पुढची प्रवेश परीक्षा थोडक्यात हुकली. रेसिडेन्सी मिळाली असती तर मोठ्या रुग्णालयात राहून, रोज रुग्ण बघत पुढचं शिकली असती. ती गेली, आणि आता पुढच्या परीक्षेपर्यंत मोकळी. आणि मोकळ्या डॉक्टरला, सांगते तुम्हाला, काळं कुत्रं विचारत नाही. मोठ्या रुग्णालयात गेली तर म्हणाले, अनुभव आणा. ही म्हणाली, अनुभव घ्यायलाच तर आलेय. ते म्हणाले, पुढचे कोण आहेत? एका ठिकाणी नुसतं खुर्चीत बसून सह्या करायच्या होत्या. एका ठिकाणी चेहरे उजळवायचं दुकान होतं, तिथे पांढरा कोट घालून काचेच्या दाराजवळ बसायचं, रस्त्यावरून दिसेल असं.

"आणि दादाने माझ्यासाठी एक नोकरी बघून ठेवलीय," ती म्हणाली. दादा विमा कंपनीत. तिथे डॉक्टर लागतात, लोकांचे आजार खरे की खोटे ते कागदावरून ठरवायला. पंखा, टेबल, रविवारची सुट्टी. उन्हाळा संपेपर्यंत साहेब जागा धरून ठेवतो म्हणालेत.

"मग वाईट काय त्यात?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "काकू, एकदा त्या खुर्चीत बसले ना, की मी परत उठणार नाही. मी मला ओळखते. आणि खरं सांगू? भीती ह्याची वाटते की कदाचित तीच माझी जागा असेल. मी आजवर एकही रुग्ण एकटीने बघितलेला नाही. कायम कोणीतरी मागे उभं असायचं."

तेवढ्यात हे हात पुसत बाहेर आले. तिची पदवी विचारली नाही, नाव विचारलं नाही. म्हणाले, "गच्चीपर्यंत जाऊन या."

ती गेली, आली. धापही लागली नव्हती.

"वाटेत काय होतं?"

ती गोंधळली. "गच्चीच्या दाराला कडी होती... आणि तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी खोकत होतं. ओला खोकला होता."

"उद्यापासून या," हे म्हणाले आणि परत जेवायला बसले. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. नोकरी लागली हे तिला मीच समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघायला लागली. पुढे मी, शेजारी हे, मागे ती आणि बॅग. इमारतीखाली गाडी लावायची. ती बॅग घेऊन वर जायची, रुग्ण बघायची, खाली येऊन गाडीच्या खिडकीशी उभी राहून ह्यांना सांगायची. मग काय द्यायचं ते ठरायचं.

पहिलाच रुग्ण चौथ्या मजल्यावरचे छापखान्याचे आजोबा. अर्धांगाने पडलेले. ती खाली आली आणि परीक्षेत सांगावं तसं धडाधडा सांगायला लागली. रक्तदाब इतका, नाडी इतकी, छातीत काही नाही. मला तर वाटलं, वा! हे डोळे मिटून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "त्यांचं पाणी कुठे ठेवलंय?"

"पाणी?"

"प्यायचं. त्यांच्या चांगल्या हाताला लागतं का?"

"माहीत नाही सर."

"वर जा."

ती गेली. चार मजले. परत आली. पाणी वाईट हाताच्या बाजूला होतं, ते बदलून आली. चेहऱ्यावर आनंद. हे म्हणाले, "छान. औषधं कोण देतं त्यांना?"

"सूनबाई... बहुतेक."

"बहुतेक?"

ती पुन्हा जिन्याकडे वळली. सून सकाळी कामावर जाते, दुपारच्या गोळ्या आजोबा स्वतःच घेतात आणि कोणती घेतली ते विसरतात, हे कळायला तिला तिसऱ्यांदा वर जावं लागलं. खाली आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते.

माझं डोकंच फिरलं. "अहो, जीव घ्याल का पोरीचा? फोन कशाला असतो माणसाजवळ? वरूनच विचारू दे की!"

"नाही," हे म्हणाले. "ती रुग्णासमोर मला फोन लावणार, म्हणजे त्या घराला कळणार की खरा डॉक्टर खाली गाडीत बसलाय आणि ही नुसती निरोप पोचवणारी. मग हिचं कोण ऐकेल? खोलीत डॉक्टर एकच पाहिजे. जिवावरचं असेल तर फोन कर म्हणून सांगितलंय तिला. बाकी पाय आहेत."

"पाय तिचे आहेत, तुम्हाला काय जातंय!"

"माझे असते तर मीच गेलो नसतो का?" ते असं म्हणाले की मी गाडीच सुरू केली.

मी तिचं नाव खारूताई ठेवलं. सारखी वर-खाली. तिलाही आवडलं असावं, कारण दुसऱ्या आठवड्यात फोनवर तिनेच सांगितलं, "काकू, खारूताई बोलतेय, आज पोटऱ्या इतक्या दुखतायत की घरातला एक उंबरा ओलांडवत नाहीये." मी म्हटलं, "ये तशीच, गरम पाण्याची पिशवी देते." आली बिचारी. घरी वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई सतत काळजीत, आणि दादा रोज जेवताना विचारणार, 'आज किती मजले झाले, डॉक्टरसाहेब?' दादा वाईट नव्हता हो. बहिणीचं चांगलं व्हावं असंच त्याला वाटत होतं. फक्त चांगलं म्हणजे पंखा, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

मग तो शिंपीकाकांचा दिवस आला. शिंपीकाका तिसऱ्या मजल्यावर, साखरेचा जुना आजार, पडून कंबरेचं हाड मोडलेलं. त्या दिवशी ती आधीच दोनदा वर जाऊन आली होती. घामाने निथळत होती. हे म्हणाले, "पाय बघितलेस?"

"हो सर."

"दोन्ही?"

"हो. ठीक आहेत."

"बोटांच्या मधे?"

"...हो."

"मोज्यांचा रंग कोणता होता?"

"तपकिरी," ती म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिचा चेहरा उतरला. कारण तिने मोजेच बघितले होते, ते काढून आतले पाय नव्हते.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणाले, "'नाही बघितलं' म्हणणाऱ्या डॉक्टरला मी दिवसभर सहन करीन. न बघता 'ठीक आहे' म्हणणाऱ्याच्या हातात मी मांजरसुद्धा देणार नाही."

ती वर गेली. बराच वेळ आली नाही. मी गाडीतून उतरून बघते तर पहिल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडत होती. मी शेजारी बसले. म्हटलं, "बोटांच्या मधे काय निघालं?"

"जखम. दोन बोटांच्या मधे. त्यांना कळलंच नव्हतं काकू, त्यांना दुखतच नाही तिथे. मी गेले नसते तर..."

"पण गेलीस ना?"

"त्यांनी पाठवलं म्हणून."

"मग पुढच्या वेळी न पाठवता जा," मी म्हटलं. "आणि रडायचं असेल तर गाडीत बसून रड. इथे लोकांची ये-जा आहे, त्यांना वाटेल वर कोणी गेलं." ती रडता रडता हसली. पुढे रोज तिनेच जाऊन ती जखम धुतली, पट्टी बांधली. शिंपीकाकांचं बोट वाचलं. त्यांनी तिला बॅगेसाठी खोळ शिवून दिली, इतके कप्पे असलेली की पहिले काही दिवस तिला तिचा स्टेथोस्कोपच सापडेना.

त्यानंतर खारूताई बदलली. हे विचारायच्या आधीच खिडकीशी येऊन म्हणायची, "खिडकी कोणत्या बाजूला उघडते ते नाही बघितलं सर, आलेच." आणि धूम. मग हळूहळू दुसऱ्या फेऱ्या कमी झाल्या. वरच्या मजल्यांवर तिचा जम बसला. लोक बाल्कनीतून वाकून वाट बघायचे. छापखान्याचे आजोबा तिला चांगल्या हाताने सलाम ठोकायचे. एका आजींनी तर मला खाली निरोप पाठवला, 'तुमच्या मुलीला सांगा, थोडं खात जा.' तुमच्या मुलीला! मी तो निरोप सुधारून पाठवला नाही. कशाला सुधारायचा?

पण उन्हाळा सरत आला. एक दिवस दादा स्वतः दवाखान्यात आला. सभ्य मुलगा, केस चापून बसवलेले. म्हणाला, "काकू, साहेब विचारतायत. महिना संपायच्या आत सांगायला हवं. परत परीक्षेत हुकली तर हिच्या हातात काय राहणार? जिने?"

मला बोलायला पुष्कळ सुचत होतं, पण तो चूक कुठे बोलत होता?

त्याच दुपारी खारूताईने गाडीत ह्यांना विचारलं. धीर गोळा करून विचारलं, आवाजावरून कळत होतं. "सर, एक विचारू? मला जमेल का हे?"

मी आरशातून तिला बघत होते. आणि आमचे डॉक्टर! संसार झाला माझा ह्यांच्याबरोबर, भाजी चांगली झाली तर 'संपली' एवढंच म्हणणारा माणूस. म्हणाले, "टायपिंगच्या बाईंकडे जायचंय. पाचवा मजला. बॅग घे."

एवढा राग आला मला, सांगते! एक 'हो' म्हणायला काय जिभेला फोड येतो? तिने बॅग उचलली आणि गेली. दार लावलं तेही अगदी हळू. ते हळू लागलेलं दार मला जास्त लागलं.

टायपिंगच्या बाई म्हणजे ज्यांच्याकडे अर्धं गाव टायपिंग शिकलं, त्या. आता बोटं आखडलेली, अंथरुणाला खिळलेल्या. खारूताई वर गेली ती येईचना. नेहमीपेक्षा खूपच वेळ झाला. हे घड्याळ बघायला लागले, मग खिडकीतून मान बाहेर काढून वर बघायला लागले.

"करा ना फोन," मी टोमणा मारला.

"नियम आहे."

"नियम तुमचाच ना?"

"म्हणून तर," असं म्हणून ते दार उघडून उतरले आणि जिन्याकडे निघाले. "अहो, गुडघे!" म्हणत मी मागे. ऐकतील तर शपथ. कठडा धरून चढायला लागले. पहिल्या मजल्याच्या वळणावर मात्र थांबले. पायरीवर बसले. एक हात कठड्यावर, मान खाली.

"झाली हौस?" मी म्हटलं. "सांगत होते गुडघे म्हणून."

"गुडघाच," ते म्हणाले. मधे श्वास घेऊन म्हणाले.

वरून पावलं वाजली. खारूताई उतरत होती. वर काही झालं नव्हतं. बाईंच्या सुनेला, त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते ती शिकवत बसली होती. ह्यांना पायरीवर बघून ती चार पायऱ्या वरच थांबली. नुसती बघत राहिली. असं मी तिला ह्यांच्याकडे बघताना कधी बघितलं नव्हतं. परीक्षकाकडे बघावं तशी बघायची ती ह्यांच्याकडे. आज तसं नव्हतं.

"गुडघा धरला," हे म्हणाले.

"सर," ती शांतपणे म्हणाली, "गुडघेदुखीचा माणूस उतरताना जास्त थांबतो. तुम्ही चढताना थांबलात."

"वर जा," हे म्हणाले. "बाईंची खिडकी उघडी आहे का बघून ये."

"उघडी आहे. मीच उघडली."

"त्यांचं पाणी—"

"हाताशी आहे." ती खाली आली, त्यांच्यासमोर पायरीवर गुडघे टेकून बसली. "काकू, सर झोपताना किती उशा घेतात?"

मी म्हटलं, "एक घ्यायचे. थंडीपासून तीन घेतात, वाचायला बरं पडतं म्हणतात. आणि गेल्या आठवड्यात तर खुर्चीतच..." आणि बोलता बोलता माझी जीभ जड झाली. कारण पुस्तक मिटलेलं असायचं. रोज मिटलेलं असायचं.

"आणि नाडीचे बूट सोडून हे कापडी बूट कधीपासून?"

"नाडी बांधायला वाकवत नाही म्हणाले..." मी भिंत धरून उभी राहिले.

"सर, मोजे काढा," ती म्हणाली.

"अगं, मूर्खपणा करू नकोस. इथे जिन्यात—"

"मोजे काढा सर."

त्यांनी काढले नाहीत. तिनेच काढले. मोज्याचा पट्टा घोट्याच्या वर खोल रुतला होता. तिने नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला. तिथे खड्डा राहिला. भरेचना तो खड्डा. मग तिने शिंपीकाकांच्या खोळीतून स्टेथोस्कोप काढला, एका झटक्यात सापडला, आणि त्यांच्या छातीला लावून डोळे मिटले. एका घराचं दार उघडून कोणीतरी डोकावलं, तिने न बघता हात वर केला आणि ते दार मिटलं. कितीतरी वेळ ती ऐकत होती.

"हृदयाची झडप आहे," ती म्हणाली. "अरुंद झालीय. काकू, गाडी काढा. मोठ्या रुग्णालयात जायचंय."

"उद्या बघू," हे म्हणाले. "मला माहितीये काय आहे ते. एकदम काही होत नाही."

"माहितीये?" मी ओरडले. पूर्ण जिन्यात घुमलं. "तुम्हाला माहीत होतं? आणि मला गुडघे सांगत बसलात?"

त्यांनी मान फिरवली. खारूताई बोलली. आवाज चढवला नाही, पण डोळे भरले होते. "कोणाला दाखवलंत सर? स्वतःसुद्धा नाही ना बघितलंत? न बघता 'ठीक आहे' म्हणत होतात?"

आमचे डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक तिच्या, आणि उठले. आम्ही उतरलो. उतरताना ते कुठेही थांबले नाहीत.

गाडी मी कशी चालवली ते विचारू नका. रुग्णालय तेच, जिथे तिला अनुभव आणा म्हणाले होते. ह्यांना पलंगावर घेतलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली. ड्युटीवरचा डॉक्टर आला, तरुण, झोप न झालेला. म्हणाला, "यांना आधी कोणी बघितलंय का?"

हे आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "हो. माझ्या डॉक्टरांनी."

"कोण डॉक्टर?"

ह्यांनी बोट केलं. खारूताईने मागे वळून बघितलं, सवयच ती, मागे कोणी उभं आहे का ते. मागे कोणी नव्हतं. मी होते, आणि मी रडत होते.

"यांना विचारा," हे म्हणाले. "मला विचारू नका. मी नीट सांगत नाही."

आणि तिने सांगितलं. उशा, बूट, जिना, खुर्चीतली झोप, छातीतला आवाज कुठे सगळ्यात मोठा येतो आणि कुठे पसरतो, औषधं कोणती, कोण देतं. तो डॉक्टर लिहीत होता. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, की आता काहीतरी राहिलेलं काढतील आणि 'वर जा' म्हणतील. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि एकही प्रश्न विचारला नाही.

झडप बदलली. मोठे डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मग आम्ही फार काही करू शकलो नसतो. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि घरी आल्यावर ह्यांना मी इतकं बोलले, इतकं बोलले की शेवटी तेच म्हणाले, "थोडं उद्यासाठी ठेव." ते बरे होईपर्यंत महिने गेले. तोवर वरचे मजले खारूताईने एकटीने सांभाळले. खाली येऊन मला सांगायची, सवयीने. मी काय विचारणार, कप्पाळ? मी विचारायचे, "चहा घेणार?" दादाला तिने स्वतःच सांगितलं, साहेबांना जागा दुसऱ्या कोणाला द्यायला सांग. दादा जरा फुगला. मग त्याच्या ऑफिसातल्या एकाची आई चौथ्या मजल्यावर आजारी पडली आणि दादाच विचारायला आला, 'डॉक्टरसाहेब, उद्या जमेल का?' यावेळी थट्टा नव्हती.

परीक्षा तिने परत दिली. वरच्या मजल्यांवर फिरून आल्यावर उरलेल्या वेळात पुस्तक घेऊन आमच्याच मागच्या खोलीत बसायची. रेसिडेन्सी मिळाली. लांबच्या रुग्णालयात, पण मिळाली. निकाल तिने आधी कोणाला सांगितला असेल? आईला नाही, दादाला नाही. दवाखान्यात धावत आली आणि ह्यांच्यासमोर धापा टाकत उभी राहिली. हे म्हणाले, "धाप का लागली? इथे जिना नाही." मग उठून, चष्मा पुसण्याचं नाटक करत मागच्या खोलीत गेले. मी गेले नाही. मी तिला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघी मनसोक्त रडलो.

ती जायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे तिघं मिळून निघालो. मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना जिने चढायची परवानगी दिली होती, हळूहळू. पहिलं घर छापखान्याच्या आजोबांचं. मी गाडी लावली. खारूताई बॅगेला हात घालणार, तर ह्यांनी बॅग काढून घेतली. "मी जातो. तू बस."

ती पुढे, ह्यांच्या जागेवर येऊन बसली. ती खिडकीतून वर बघत होती, मी घड्याळ. बऱ्याच वेळाने हे उतरून आले, खिडकीशी उभे राहिले. चेहरा लाल, पण हसरा. रक्तदाब सांगितला, नाडी सांगितली, आजोबांचा हात आता जरासा उचलला जातो ते सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "पाणी कुठे ठेवलंय त्यांचं?"

हे उघड्या तोंडाने बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही बघितलं."

"वर जा, सर," ती म्हणाली.

ते वळले. जिन्याचं दार उघडंच होतं, पायऱ्या गाडीतून दिसत होत्या. आम्ही दोघी मान वाकडी करकरून बघत होतो, पावलं ऐकत होतो. पहिला मजला झाला, वळण आलं, दुसरा झाला. चढताना ते कुठेही थांबले नाहीत.